औषध सिद्ध होण्याआधी

प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पोचलेला असतो. इंजेक्शन वेळच्या वेळी चालू असूनही पीएसए हा या आजाराचा रक्तातला निर्देशांक पुन्हा चढू लागतो. आणि एके दिवशी डॉक्टर म्हणतात, "एका नव्या औषधाची चाचणी चालू आहे. तुम्ही त्यात याल का?" या वाक्यापुढे घर गोंधळून जाते. कोणाला वाटते, आता हातात काही उरले नाही म्हणून असे सांगताहेत. कोणाला वाटते, नशीब उघडले, परदेशी औषध फुकट मिळते आहे. कोणी ठामपणे म्हणते, आमच्या माणसावर प्रयोग नको. तिन्ही माणसे रुग्णाच्या मायेपोटीच बोलत असतात, पण चाचणी म्हणजे नेमके काय हे तिघांनाही कोणी नीट सांगितलेले नसते. ते सांगण्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे.

उरण, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यातला वाचक मी डोळ्यांसमोर ठेवला आहे. या किनाऱ्यावर मोठ्या आजाराला 'मुंबईला नेले' असे म्हणतात, आणि कर्करोग असेल तर 'टाटाला नेले' म्हटले की पुढचे सगळे समजते. पण परळला जाऊन फाईल काढणे, नंबर लावणे, तपासण्यांच्या रांगा यांतच माणसाचे बळ संपते. औषधाच्या चाचणीसारखा नाजूक विषय समजून घ्यायला ना वेळ उरतो ना मन.

मला सांगायचे आहे ते थोडक्यात असे. चाचणी हा एक प्रश्न असतो. त्याचे उत्तर आधीच ठाऊक असते तर चाचणीची गरजच पडली नसती. चाचणीत येणारा माणूस उपचार घेतो आणि त्याच वेळी त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपले शरीर पणाला लावतो. म्हणून तो प्रश्न त्याला पुरता कळला पाहिजे. आणि ज्या किनाऱ्यावरून तो आला, तिथल्या माणसांचे प्रश्नही कोणीतरी विचारले पाहिजेत.

आधी आजाराविषयी. प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रनलिकेभोवती असलेली पुरुषाची छोटी ग्रंथी. वय वाढले की ती बहुतेकांची थोडीफार फुगते, लघवीची धार बारीक होते, रात्री उठावे लागते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. पण याच समजुतीच्या आडोशाला कर्करोगही लपतो. 'वय झाले की असे व्हायचेच' म्हणून माणूस दोन-तीन वर्षे काढतो. मग कंबर धरते. आयुष्यभर जाळी ओढलेल्या किंवा माडावर चढलेल्या माणसाची कंबर दुखली तर तेल लावून शेकायचे, एवढेच घरच्यांना सुचते. हा कर्करोग मणके आणि ओटीपोटाच्या हाडांत पसरतो हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. कधी मणक्यातल्या गाठीचा दाब मज्जारज्जूवर येऊन पायांतले बळ जाते, तेव्हाच निदान होते. मुंबई, पुणे, दिल्लीसारख्या शहरांच्या कर्करोग नोंदणीत हा आजार पुरुषांतल्या पहिल्या दहा कर्करोगांत आहे, आणि आपल्याकडे पुष्कळ रुग्ण तो पसरल्यावरच डॉक्टरांपुढे येतात. या पुस्तकातला 'पुढच्या टप्प्यातला' रुग्ण तो हाच.

पसरलेल्या प्रोस्टेट कर्करोगावरचा पहिला खरा उपाय १९४१ साली सापडला. शिकागोच्या चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी दाखवले की हा कर्करोग पुरुषी संप्रेरकावर, म्हणजे टेस्टोस्टेरॉनवर पोसला जातो. अंडकोष काढले किंवा इस्ट्रोजेन दिले की तो आक्रसतो, हाडांचे दुखणे कमी होते. हगिन्सना यासाठी १९६६ चे नोबेल मिळाले. त्याच १९४१ च्या फेब्रुवारीत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले होते. आजही उपचाराचा पाया तोच आहे: दर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी इंजेक्शन, किंवा एकदाच छोटी शस्त्रक्रिया. श्रीवर्धनहून दर वेळी येणे ज्याला परवडत नाही, त्याला डॉक्टर शस्त्रक्रियेचा पर्याय सांगतात तो याच हिशेबाने. दोन्हींचे परिणाम सारखेच सोसावे लागतात. अंगातून गरम वाफा येतात, थकवा येतो, हाडे ठिसूळ होतात, कामेच्छा जाते. पुरुष याविषयी बायकोशीही बोलत नाहीत. ते बोलले पाहिजे, म्हणून या पुस्तकात त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे.

हा उपाय बहुतेकांना लागू पडतो, पण कायमचा नाही. काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनी, रक्तातले टेस्टोस्टेरॉन अगदी खाली असतानाही पीएसए वाढू लागतो. पेण-अलिबागच्या खारभूमीत शेती केलेल्यांना हे समजायला सोपे जाईल. समुद्राकडचा बांध कितीही भक्कम केला तरी भरतीचे पाणी खेकड्याने पोखरलेले बीळ शोधते आणि तिथूनच खांड पडते. अंडकोषांकडून येणारे संप्रेरक थांबवले, तरी मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी थोडे संप्रेरक बनवतच असतात. पुढे तर गाठीतल्या पेशी स्वतःच ते बनवायला शिकतात. ही वाट बुजवायची कशी, या प्रश्नातून ॲबिराटेरॉन नावाचे औषध आले. चाचणी म्हणजे काय हे समजून घ्यायला त्याच्या कहाणीइतके चांगले उदाहरण मला दुसरे सापडले नाही. म्हणून ती इथे जरा सविस्तर सांगतो.

लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कॅन्सर रिसर्चमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हे रसायन तयार झाले. संप्रेरक बनवायला लागणारे सीवायपी१७ हे विकर ते अडवते, मग ते विकर अधिवृक्क ग्रंथीत असो की गाठीत. पण ते अनेक वर्षे बाजूला पडून राहिले. इंजेक्शनला दाद न देणारा कर्करोग संप्रेरकाच्या पलीकडे गेला, आता संप्रेरक अडवून उपयोग नाही, असे त्या काळातल्या पुष्कळ डॉक्टरांना वाटत होते. ही समजूत खोटी होती, पण ते वादविवादाने सिद्ध झाले नसते. माणसांवर करून बघावे लागले.

असे करून बघणे टप्प्याटप्प्याने होते. पहिल्या टप्प्यात थोड्या रुग्णांना वाढत्या मात्रा देऊन किती सोसते ते पाहतात. दुसऱ्या टप्प्यात औषधाचा गुण येतो का ते पाहतात. तिसऱ्यात शेकडो, कधी हजारांवर रुग्ण घेऊन, चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट करून, रूढ उपचाराशी तुलना करतात. कोण कोणत्या गटात जाणार हे डॉक्टर ठरवत नाही आणि रुग्णही ठरवत नाही. डॉक्टरने ठरवले तर तो नकळत तब्येतीने बऱ्या रुग्णाला नवे औषध देईल, आणि मग गुण औषधाचा की रुग्णाच्या मूळ ताकदीचा हे कधीच कळणार नाही.

ॲबिराटेरॉनच्या तिसऱ्या टप्प्यात १,१९५ पुरुष होते. सगळ्यांना आधी डोसिटॅक्सेलची केमो देऊन झाली होती. दर तिघांतल्या दोघांना औषध मिळाले, एकाला तसेच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. प्रेडनिसोन मात्र सगळ्यांना होते. २०११ साली निकाल छापला गेला. औषध घेतलेल्यांचे मध्यक आयुष्य १४.८ महिने आणि दुसऱ्या गटाचे १०.९ महिने निघाले. मध्यक म्हणजे गटातले निम्मे रुग्ण त्याहून जास्त जगले. मधल्या तपासणीतच फरक स्पष्ट दिसला, तेव्हा कोणाला काय मिळते आहे हे उघड करून दुसऱ्या गटालाही औषध देऊ केले गेले.

जेमतेम चार महिने, असे कोणी म्हणेल. पण पुढे काय झाले ते पाहा. औषध शेवटी देण्याऐवजी निदान होताच दिले तर? हा प्रश्न घेऊन आजार नुकताच सापडलेल्या, पण पसरलेल्या १,१९९ रुग्णांची दुसरी चाचणी झाली. २०१७ साली तिचा निकाल आला. तीन वर्षांनी औषध घेतलेल्यांपैकी ६६ टक्के हयात होते, नुसत्या रूढ उपचारावरचे ४९ टक्के. आज अलिबागच्या एखाद्या रुग्णाला निदानानंतर लगेच ही गोळी लिहून दिली जाते, तेव्हा त्यामागे त्या पहिल्या १,१९५ माणसांनी दिलेले महिने असतात. त्यांतल्या बहुतेकांना आपल्या उत्तराचे फळ पाहायला मिळाले नाही. या ऋणाची जाणीव ठेवूनच मी हे लिहिले आहे.

पण प्रत्येक प्रश्नाचे उत्तर 'हो' येत नाही. केमोसोबत डासाटिनिब नावाचे औषध द्यावे का, हे १,५२२ रुग्णांवर तपासले गेले. २०१३ साली निकाल आला: मध्यक आयुष्य २१.५ महिने विरुद्ध २१.२ महिने. काही उपयोग नाही. ॲबिराटेरॉनसोबत रेडियम-२२३ हे किरणोत्सर्गी औषध जोडले तर दुहेरी गुण येईल असे वाटले होते. प्रत्यक्षात हाडे मोडण्याचे प्रमाण ११ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर गेले. ही चाचणी झाली नसती, तर चांगल्या हेतूने हजारो रुग्णांना ती जोडी दिली गेली असती आणि त्यांची हाडे का मोडताहेत हे कोणाला कळलेही नसते. 'नवीन म्हणजे चांगले' असे मानणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाने हे दोन निकाल लक्षात ठेवावेत.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. चाचण्या कुठेतरी परदेशात होतात असे आपण समजतो, पण देशातले कर्करोग संशोधनाचे एक प्रमुख केंद्र रायगड जिल्ह्यातच आहे. १९५२ साली परळला सुरू झालेल्या कर्करोग संशोधन केंद्राचे पहिले संचालक होते डॉ. वसंत रामजी खानोलकर. त्याच केंद्रात डॉ. कमल रणदिवे यांनी देशातली ऊतिसंवर्धनाची पहिली प्रयोगशाळा उभी केली. ही संस्था २००२ साली पनवेल तालुक्यातल्या खारघरला आली आणि तिचे नाव ॲक्ट्रेक झाले. आयआयटी मुंबईने विकसित केलेल्या, रक्ताच्या कर्करोगावरच्या कार-टी पेशी उपचाराची माणसावरची पहिली चाचणी २०२१ साली इथेच झाली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या उपचाराला परवानगी मिळाली. परदेशातल्या किमतीच्या जवळपास दहाव्या हिश्श्यात तो देता येतो. आपला प्रश्न आपण विचारला की उत्तराची किंमतही आपल्या आवाक्यात येते, याचे हे उघड उदाहरण आहे.

प्रोस्टेटबाबतही असे प्रश्न विचारले गेले आहेत. किरणोपचार नुसत्या ग्रंथीला द्यावेत की ओटीपोटातल्या लसिका गाठींनाही, हे टाटा मेमोरियल सेंटरने जास्त जोखमीच्या पण अजून न पसरलेल्या आजाराच्या २२४ रुग्णांवर तपासले. २०२१ साली निकाल आला. पाच वर्षांपर्यंत पीएसए पुन्हा न वाढलेले रुग्ण मोठ्या क्षेत्राला किरण दिलेल्या गटात ९५ टक्के होते, दुसऱ्या गटात सुमारे ८१. जगभरच्या डॉक्टरांनी या निकालाची दखल घेतली.

घारापुरीच्या धक्क्यावरून पलीकडे ट्रॉम्बे दिसते. तिथल्या ध्रुव अणुभट्टीत ल्युटेशियम-१७७ तयार होते. प्रोस्टेटच्या पेशींवरच्या पीएसएमए या खुणेला चिकटणाऱ्या रेणूला ते जोडून शिरेतून दिले की किरणोत्सर्ग थेट गाठीपर्यंत पोचतो. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय चाचणीत ८३१ रुग्णांवर त्याचा उपयोग सिद्ध झाला: मध्यक आयुष्य १५.३ महिने विरुद्ध ११.३ महिने. चंडीगडच्या पीजीआयमध्ये हाच उपचार केमोच्या आधी देऊन ४० रुग्णांवर छोटी तुलना झाली, आणि तो केमोपेक्षा कमी पडला नाही. ४० ही संख्या छोटी आहे. अशा निकालातून पक्का नियम निघत नाही, मोठी चाचणी करण्याचे कारण निघते. वाचकाने संख्या बघूनच विश्वासाचे माप ठरवावे, यासाठी मी प्रत्येक ठिकाणी आकडा दिला आहे.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न मात्र अगदी साधा आहे. ॲबिराटेरॉनच्या २५० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या रिकाम्या पोटी घ्यायच्या, असे त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते. जेवणासोबत घेतले तर रक्तात औषध कित्येक पटींनी जास्त उतरते, म्हणून ही खबरदारी. मग जेवणासोबत एकच गोळी पुरेल का? ७२ रुग्णांवर केलेल्या, २०१८ साली छापलेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, कमी स्निग्ध न्याहारीसोबत एक गोळी घेणाऱ्यांचा पीएसए चार गोळ्या घेणाऱ्यांइतकाच उतरला. म्हणजे कदाचित पाव किमतीत तोच गुण. पण पीएसए उतरणे आणि जास्त जगणे यांत फरक आहे, आणि आपली भाकरी, भात-मासळी, नारळाचे वाटण म्हणजे त्या चाचणीतली न्याहारी नव्हे. हा प्रश्न कोकणातल्या ताटासमोर ठेवूनच विचारायला हवा. औषध कंपनीला तो विचारण्यात फायदा नाही. सरकारी आणि विश्वस्त संस्थांनी तो विचारला पाहिजे, आणि आपण तो मागितला पाहिजे. तोपर्यंत कोणीही स्वतःच्या मनाने गोळ्या कमी करू नयेत. या औषधाने पोटॅशियम घटते, रक्तदाब वाढतो, पायांना सूज येते, यकृतावर ताण येतो. ते टाळण्यासाठी सोबत स्टेरॉइड देतात आणि पहिले तीन महिने दर दोन आठवड्यांनी यकृताची तपासणी करतात.

माणसांवर प्रयोग म्हटले की भीती वाटते, आणि ती भीती निराधार नाही. पुरेशी माहिती न देता रुग्णांना चाचण्यांत घेतल्याच्या तक्रारी देशात झाल्या. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि २०१३ पासून नियम कडक होत गेले. आज 'नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियम, २०१९' लागू आहेत. त्यांचा गाभा प्रत्येक घराला पाठ असावा. चाचणी सुरू होण्याआधी तिची नोंद आयसीएमआरच्या सीटीआरआय या सार्वजनिक नोंदवहीत व्हावी लागते, आणि ती कोणालाही इंटरनेटवर पाहता येते. चाचणीला नीतिसमितीची मंजुरी लागते. त्या समितीत निदान सात सदस्य हवेत, त्यांत एक सामान्य नागरिक, एक स्त्री आणि एक कायद्याचा जाणकार. निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरचे हवेत. रुग्णाला समजणाऱ्या भाषेत माहितीपत्रक मिळायला हवे आणि सही केलेल्या संमतिपत्राची प्रत त्याच्या हाती राहायला हवी. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाई मिळते. आणि कोणत्याही क्षणी, कारण न सांगता बाहेर पडता येते. त्यामुळे पुढचे नेहमीचे उपचार थांबत नाहीत.

नियम कागदावर कितीही चांगले असले, तरी अंतराचा प्रश्न उरतो. चाचणी म्हणजे ठरलेल्या दिवशी हजेरी. पावसाळ्यात गेटवेच्या लाँचा बंद होतात. मुरूडच्या दक्षिणेकडच्या माणसाला आगरदांडा-दिघीची फेरी किंवा घाटाची वाट धरावी लागते. मांडव्याची रो-रो आणि २०२४ साली सुरू झालेला शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू यांनी उरण-अलिबागला मुंबई जवळ आली, श्रीवर्धन मात्र आहे तिथेच राहिले. परिणामी चाचण्यांत येतात ते शहराजवळचे, सोबतीला माणूस आणि खिशाला भाडे असलेले रुग्ण, आणि त्यांच्यावरून निघालेले उत्तर सगळ्यांना लावले जाते. हे बदलता येईल. रक्ताच्या तपासण्या अलिबागला, तालुक्याला करण्याची तरतूद चाचणीच्या आराखड्यातच ठेवता येते, प्रवासखर्चही. रुग्णाने आणि स्थानिक डॉक्टरांनी ती मागावी, संशोधकांनी ती आधीच करावी.

पुढची प्रकरणे याच क्रमाने येतील. निदान आणि रूढ उपचार, मग आजार दाद देईनासा झाल्यावरची औषधे, मग चाचणीचे टप्पे, संमतिपत्र ओळीओळीने कसे वाचावे, आणि शेवटी रुग्णाच्या पत्नीसाठी व मुलांसाठी दोन प्रकरणे. मुलांचे प्रकरण कोणी वगळू नये. बीआरसीए२ सारखा जनुकीय दोष असलेल्या रुग्णांना ओलापॅरिब या औषधाचा उपयोग होतो हे २०२० च्या चाचणीने दाखवले, आणि तोच दोष मुलीकडे गेला तर तिला स्तनाच्या व बीजकोशाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. वडिलांच्या तपासणीतून लेकीचा जीव वाचू शकतो. हे पुस्तक डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेत नाही. तो सल्ला घेताना विचारायचे प्रश्न हाती देते. ज्या परिचारिकांनी, समाजसेवकांनी आणि रुग्णांच्या घरच्यांनी मसुदा वाचून 'हे कळत नाही' असे सांगितले, त्यांचे हे पुस्तक माझ्याइतकेच आहे.

चाचणीत जाणे हे कर्तव्य नाही, आणि न जाणे हा भित्रेपणा नाही. पण निर्णय भीतीने किंवा भाबड्या आशेने होऊ नये. डॉक्टरांना पुढचे चार प्रश्न विचारा, आणि त्यांची उत्तरे मिळेपर्यंत सही करू नका. या चाचणीत शोधायचे काय आहे? मी आलो नाही तर मला कोणता उपचार मिळेल? मला त्रास झाला तर रात्री फोन कोणाला करायचा? आणि औषध लागू पडले तर चाचणी संपल्यावर ते मला मिळत राहील का? जो डॉक्टर बसून या चारही प्रश्नांची उत्तरे देतो, त्याच्याबरोबर माणूस विश्वासाने पुढे जाऊ शकतो. जो देत नाही, त्याला 'नाही' म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि तो हक्क वापरायला कोणाचीही परवानगी लागत नाही.